स्वस्त ‘आकाश’ टॅबला नावे ठेवणाऱ्यांना उत्तर

सरकारचा ‘आकाश’ टॅब साफ फसला, असे आजही सर्रास बोलले जाते. दुकानासाठी स्वस्तातला टॅब घ्यावा काय, अशा विचारात असलेल्या इस्लामपूरच्या टेलरला किंवा ग्रिल बनवणाऱ्याला कोणीतरी हटकून हेच उदाहरण देतो आणि बिचारा मागे फिरतो. म्हणून या टॅबवर झालेल्या टीकेत खरे किती आणि खोटे किती, हे एकदा नीट तपासावे, असे आम्हांस वाटते.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ जाहीर झाला. प्रकल्प आयआयटी राजस्थानकडे होता आणि टॅब पुरवणार होती डेटाविंड ही कंपनी. सरकारला एक नग २,२७६ रुपयांना पडणार होता. त्याच वर्षी जानेवारीत भारतात विक्रीस आलेल्या ॲपलच्या आयपॅडची किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे होती. म्हणजे एका आयपॅडच्या पैशात बारा ‘आकाश’ आले असते. खुल्या बाजारासाठी कंपनीने ‘युबीस्लेट’ या नावाने टॅब काढले, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. दोन आठवड्यांत चौदा लाखांची नोंदणी झाल्याचे कंपनीने जाहीर केले होते. गरज नसती तर एवढी गर्दी कशाला झाली असती?

टीका काय होती?

पहिला आक्षेप, यंत्र मंद आहे. हे खरे होते. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, म्हणजे पान उघडायला वेळ लागणारच. पडदा हलक्या स्पर्शाने चालत नसे, बोट दाबावे लागे. बॅटरी दोन-तीन तासांत उतरे. सिमकार्डाची सोय नव्हती, इंटरनेटसाठी वाय-फाय लागे, आणि २०११ साली तालुक्याच्या गावात वाय-फाय होते किती ठिकाणी?

पण हे दोष मोजताना टीकाकारांनी तराजू कोणता वापरला, ते पाहा. तीस हजारांच्या यंत्राशी अडीच हजारांच्या यंत्राची तुलना झाली. सोन्याच्या काट्यावर कोणी ऊस तोलत नाही. ज्याच्या घरात कसलेच यंत्र नव्हते, त्याला ‘आकाश’मुळे काय मिळाले असते, हा हिशेब कोणी मांडला नाही.

दुसरा आक्षेप, माल चीनचा आहे. २०१२ साली यावर बराच गदारोळ झाला. सुटे भाग चीनमधून आले होते, हे खरे. परंतु ज्या महागड्या आयपॅडचे कौतुक चालले होते, तोही चीनमध्येच जुळवला जात होता. मग दोष फक्त स्वस्त मालाला का?

तिसरा आक्षेप, हे धड फोनही नाही आणि धड कॉम्प्युटरही नाही, खेळणे आहे. याचे उत्तर आपल्या शेजारीच सापडते. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी कॉम्प्युटर बसले. पुढे असे दिसून आले की शेतकरी त्यावर प्रामुख्याने एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे आपल्या उसाचे वजन आणि बिल. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवले, आणि ते कमी खर्चात झाले. यंत्र मोठे असण्यापेक्षा ते कामाला पुरेसे असणे महत्त्वाचे, हा धडा वारणाकाठाने ‘आकाश’च्या आधीच दिला होता.

चूक सुधारली गेली

आयआयटी राजस्थान आणि कंपनी यांच्यात चाचण्यांवरून बिनसले आणि २०१२ मध्ये प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला. तेथे प्रा. दीपक फाटक यांनी तो हाती घेतला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्‌झचा, रॅम दुप्पट, पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा. किंमत मात्र जवळपास तीच. पहिल्या आवृत्तीला हसणाऱ्यांपैकी किती जणांनी ही दुसरी आवृत्ती हातात घेऊन पाहिली? त्याच काळात मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्याही स्वस्त टॅब घेऊन उतरल्या. टॅब ही केवळ साहेबलोकांची वस्तू आहे, हा समज मोडण्यात ‘आकाश’चा वाटा मोठा आहे.

एका गोष्टीची मात्र आम्ही वकिली करणार नाही. नोंदणी करूनही असंख्य लोकांना माल वेळेवर मिळाला नाही. व्यापारात वायदा मोडणे हा मोठाच दोष, आणि तो कंपनीच्या पदरात टाकलाच पाहिजे. पण पुरवठादार चुकला म्हणून वस्तूची कल्पना खोटी ठरत नाही. स्वस्त इंटरनेट देशात २०१६ नंतर पसरले. ‘आकाश’ त्याच्या पाच वर्षे आधी आला होता. गाडी आधी आली आणि रस्ता मागाहून झाला.

आपल्या धंद्यात उपयोग काय?

आज रस्ता झाला आहे. ग्रिलवाल्याने गिऱ्हाइकाला मळकट अल्बम दाखवण्याऐवजी सात-आठ इंची पडद्यावर पन्नास नमुने दाखवावेत. टेलरने ब्लाऊजचे गळे आणि मापे त्यात ठेवावीत. मणेराने बांगड्यांचे नवे रंग गिऱ्हाइकाला दुकानात बसूनच पाठवावेत. आत्तार, बागवान, तांबोळी यांना उधारीची वही आणि बिल एकाच ठिकाणी ठेवता येते. या कामांना महागडे यंत्र लागत नाही.

मात्र स्वस्त वस्तू डोळे उघडे ठेवून घ्यावी. आधी कामांची यादी कागदावर लिहावी, मग दुकानात जावे. सिमकार्डाची सोय आहे की नाही ते पाहावे. अँड्रॉइडची आवृत्ती विचारावी, कारण फार जुन्या आवृत्तीवर बँकेची व पैसे देण्याघेण्याची ॲप चालत नाहीत. दुरुस्तीची सोय सांगली-कोल्हापुरात आहे का, बॅटरी बदलून मिळते का, याची खात्री करावी. पक्के बिल घ्यावे आणि माल हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. उधारीच्या नोंदींची एक प्रत दुसरीकडेही ठेवावी, टॅब पडला-फुटला तर येणे बुडायला नको.

शंभर टक्के निर्दोष यंत्र येईल तेव्हा घेऊ, असे म्हणत थांबणारा कारागीर वर्षानुवर्षे थांबूनच राहतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. आपल्या कुवतीत बसणारे, आपले काम भागवणारे अवजार आज घ्यावे, ते झिजले की चांगले घ्यावे. कातर, हातोडा आणि वजनकाटा आपण असेच घेत आलो आहोत. टॅबलाही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.