भट्टीच्या दाराला काच बसवताना

ईद जवळ आली की घरी नानखटाईचे पीठ मळायचे, गोळे करून ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे मोहल्ल्यातल्या बेकरीत भाजायला पाठवायचे, ही पद्धत ठाणे, मुंब्रा, कल्याणच्या जुन्या वस्त्यांना चांगली परिचयाची आहे. घरोघरी ओव्हन आले, तरी लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या नानखटाईची खुमारी वेगळीच, असे सांगणाऱ्या नानी-दादी आजही भेटतात. ट्रे घेऊन गेलेल्या मुलांना भट्टीपाशी एक दृश्य हमखास दिसते. कारागीर थोड्या थोड्या वेळाने लोखंडी दार उघडतो, वाकून, डोळे बारीक करून आत पाहतो आणि दार पुन्हा लावून घेतो. नानखटाई बघता बघता करपते, म्हणून नजर ठेवावीच लागते.

पण दार उघडले की आतली गरम हवा भसकन बाहेर येते. कारागिराच्या चेहऱ्यावर झळ, डोळ्यांत धूर. भट्टीचा ताव उतरतो, मग लाकूड जास्त लागते. हे दिवसातून कितीतरी वेळा घडते. म्हणून जुन्या दाराला एक छोटी काचेची खिडकी बसवावी, असा विचार कुणाच्याही मनात येईल. विचार चांगला आहे. प्रश्न आहे तो कोणती काच आणि कशी बसवायची याचा. काचवाल्याकडून साधा तुकडा कापून आणून बसवला, तर तो पहिल्या-दुसऱ्या विस्तवातच तडकणार. त्याचे कण पावाच्या लादीवर पडले, तर ते थेट कुणाच्या तरी घरच्या दस्तरखानावर पोहोचतील.

काच का तडकते?

घरातल्या वडीलधाऱ्यांना कंदील आठवत असेल. सातारा जिल्ह्यात कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला आणि त्या गावाला ओगलेवाडी हे नावच मिळाले. कंदिलाची काच तासन् तास ज्योतीभोवती उभी राहायची, तिला काही होत नसे. पण त्याच तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ‘तड्’ असा आवाज यायचा आणि काच गेली म्हणून समजायचे.

यातच सारे शास्त्र आहे. काच नुसत्या उष्णतेने तडकत नाही, ती उष्णतेच्या फरकाने तडकते. तापलेला भाग पसरतो, थंड भाग जागेवरच राहतो आणि या ओढाताणीत काच चिरते. साध्या खिडकीच्या काचेची एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली, तर ती जवळपास ०.९ मिलिमीटर वाढते. प्रयोगशाळेच्या भांड्यांसाठी वापरतात ती बोरोसिलिकेट काच तेवढ्याच तापमानाला साधारण ०.३३ मिलिमीटर वाढते. सिरॅमिक काच जवळजवळ वाढतच नाही. भट्टीच्या दाराचा निवाडा या तीन आकड्यांत आहे.

‘टफन काच’ चालेल का?

दुकानात बहुतेक वेळा ‘टफन काच घ्या, काही होत नाही’ असा सल्ला मिळतो. आपल्या घरच्या गॅस शेगडीचा वरचा भाग याच काचेचा असतो. ही साधीच काच तापवून, झटकन थंड करून मजबूत केलेली असते. धक्का, वजन, थोडी उष्णता ती सोसते. पण सतत अडीचशे-तीनशे अंशांच्या वर राहिली, तर तिची ती मजबुती हळूहळू उतरते आणि उरते ती साधी काच. लाकूड जळत असलेल्या भट्टीच्या तोंडाशी तापमान याहून बरेच चढते. म्हणून टफन काच इथे उपयोगाची नाही.

घरच्या शेगडीबाबतही हे लक्षात ठेवावे. काचेवर उतरवलेले तापलेले पातेले, गरम काचेवर फिरवलेले ओले फडके, कडेला पडलेला बारीक टवका, यांमुळे शेगडीची काच एकाएकी फुटू शकते. टवका दिसला की काच बदलून घ्यावी.

अभ्रकापासून सिरॅमिकपर्यंत

आग दिसावी पण अंगावर येऊ नये, ही माणसाची जुनी गरज. युरोप-अमेरिकेत थंडीसाठी घरात लोखंडी शेगड्या असत. त्यांच्या दारांना पूर्वी काच नव्हे, अभ्रकाचे पातळ पापुद्रे लावत. ताजियांवर चमचमणारा तो अबरक हाच. जुन्या विजेच्या इस्त्रीत तारेलगत बसवलेला पापुद्राही त्याचाच. झारखंडचा कोडरमा परिसर अभ्रकासाठी जगभर प्रसिद्ध होता. अभ्रक ताव सोसतो, पण लवकर ओरखडतो, धुरकट होतो आणि त्याचे पदर सुटतात.

पुढची पायरी योगायोगाने सापडली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडली आणि तापमान ९०० अंशांवर गेले. काच वितळून गेली असेल असे त्यांना वाटले, पण आत पांढरी घट्ट पट्टी होती. बाहेर काढताना ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली, खणखणली, पण फुटली नाही. सिरॅमिक काचेची सुरुवात इथून झाली. आज शेगडीच्या दारांना लावतात ती पारदर्शक सिरॅमिक काच याच कुळातली. ती सुमारे ७०० अंशांपर्यंत निभावते.

ज्या दाराआड प्रत्यक्ष लाकूड जळते, तिथे सिरॅमिक काचच हवी. ज्या कप्प्यात ज्वाळा नाही, फक्त पाव किंवा खारी भाजली जाते, तिथल्या दाराला बोरोसिलिकेट काचही चालते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. बिलावर काचेचा प्रकार आणि ती किती तापमान सोसते हे लिहून घ्यावे.

बसवण्याची रीत

खिडकी लहान ठेवावी. वीतभर लांब आणि चार-पाच बोटे रुंद पुरे होते. काचेतून उष्णता बाहेर जातेच. मोठी खिडकी दिसायला छान, पण तिच्यासमोर उभे राहणे कठीण.

दार काढून फॅब्रिकेशनवाल्याकडे न्यावे. ठाण्यात वागळे इस्टेट किंवा डोंबिवलीत एमआयडीसी भागात असे काम करणारे मिळतात. दार पत्र्याचे असेल तर भोक पाडणे सोपे. बिडाचे असेल तर जपून, कारण बीड ठिसूळ असते आणि वेल्डिंगने चिरू शकते. म्हणून चौकट नट-बोल्टने बसवावी.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे काच चौकटीत घट्ट ठोकू नये. लोखंड तापून पसरते, वाकते. काच त्यात आवळलेली असेल तर लोखंडच तिला फोडते. चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. काच आणि लोखंड यांच्यामध्ये उष्णता सोसणारी फायबरची दोरी किंवा पट्टी घालावी. ॲस्बेस्टॉसची दोरी मिळाली तरी घेऊ नये, तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. बोल्ट हाताने बसतील तेवढेच आवळावेत.

पहिले दोन-तीन विस्तव लहान ठेवावेत. तापलेल्या काचेवर पाणी कधीही मारू नये. काच गार झाल्यावर ओल्या कागदाला थोडी बारीक राख लावून पुसली की काजळी निघते. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. रोज भट्टी पेटवण्याआधी काचेवर एक नजर टाकावी. केसाएवढी रेघ दिसली, तरी त्या दिवशी त्या भट्टीत पाव लावू नये.

काच बोलू लागते

काच बसली की एक वेगळाच फायदा कळतो. ती पुन्हा पुन्हा काळी पडत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. स्वच्छ पिवळी ज्वाळा आणि साफ काच म्हणजे लाकूड नीट जळते आहे. जे लाकूड नीट जळत नाही, तेच धूर होऊन कारागिराच्या छातीत आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांत जाते. मात्र काच आली म्हणून भट्टीची हवा कोंडू नये. चिमणी मोकळी हवी आणि खोलीला वारा हवा. कोंडलेल्या जागेत लाकूड-कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो.

खर्च करण्याआधी

एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महानगरपालिका वेगळ्या असल्या, तरी हवा एकच आहे आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळही एकच. म्हणून दारावर पैसे घालण्याआधी आपल्या महानगरपालिकेत आणि मंडळाच्या कार्यालयात आजचा नियम काय आहे, हे विचारून घ्यावे. या शहरांत पाइपचा गॅसही पोहोचला आहे.

भट्टी उद्या गॅसवर गेली, तरी सिरॅमिक काच वाया जात नाही. बोल्टने बसवलेली चौकट उतरवून नव्या दारालाही लावता येते. गॅसच्या भट्टीतही आतला रंग पाहावाच लागतो आणि तिथेही दार वारंवार उघडणे तोट्याचेच. इंधन कोणतेही असो, जो माणूस पहाटे उठून आपल्या नाश्त्याचा पाव भाजतो, त्याचे डोळे आणि हात शाबूत राहावेत. वीतभर काच एवढे नक्की करू शकते.