हरवलेल्या मुलाचा फोटो

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील सहावीचा एक मुलगा संध्याकाळी घरी परतलाच नाही. वडील फळांची हातगाडी लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या दारात उभे होते. "आपा, तुमच्याकडे त्याचा फोटो असेल का?" त्यांच्याजवळ एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. चौकीत त्यांना सांगितले होते, मुंबईला पळाला असेल, आठवडाभर वाट बघा. खरे सांगायचे तर मीही तेच म्हणाले, "भाईजान, येईल तो. रागावून गेला असेल."

रात्री झोप लागेना. निठारी आठवत राहिले.

दिल्लीला लागून असलेल्या नोएडा शहरातील हे गाव. तिथे बाहेरून आलेले मजूर, घरकाम करणाऱ्या बायका राहत. २००५-०६ मध्ये तिथून एकामागून एक मुले नाहीशी होऊ लागली. आईबाप पोलिसांकडे जात आणि 'पळून गेली असेल' हे उत्तर घेऊन परतत. एका तरुणीच्या वडिलांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागले. २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यात कवट्या आणि हाडे सापडली, तेव्हा कुठे वाहिन्यांच्या गाड्या निठारीत आल्या.

त्याच नोएडात, जेमतेम दीड महिना आधी, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाचा तीन वर्षांचा मुलगा पळवला गेला होता. साऱ्या देशाने त्याचा फोटो पाहिला. काही दिवसांत तो सुखरूप घरी आला, अल्हम्दुलिल्लाह. त्या आईच्या अश्रूंबद्दल माझी तक्रार नाही. खंडणीच्या प्रकरणात पोलिसांच्या हाती काही धागा लागतो, हेही खरे. पण निठारीच्या आयांनी कमी अश्रू ढाळले होते का?

बातमी कोणाची होते? ज्याच्याकडे स्वच्छ फोटो आहे, ज्याला साहेबांच्या भाषेत बोलता येते, जो मजुरी न बुडवता चौकीत दिवसभर बसू शकतो, त्याची. बातमी लिहिणाऱ्याला ज्या मुलात आपले मूल दिसते, त्याची. हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत ग्वेन इफिल या कृष्णवर्णीय महिला पत्रकाराने २००४ मध्ये या प्रकाराला 'बेपत्ता गोऱ्या स्त्रीचा रोग' असे नावच दिले. गोरी तरुणी हरवली की कॅमेरे धावतात, काळी हरवली की नाही, असा तिचा रोख होता.

आपल्याकडचा रोग 'पळून गेली' या दोन शब्दांत आहे. ते उच्चारले की हरवलेले मूलच गुन्हेगार ठरते आणि शोध थांबतो. मुलगी असेल तर मोहल्ल्यातल्या आपण बायकाच पोलिसांच्या आधी निकाल देऊन मोकळ्या होतो. आणि गेलेला वेळ परत येत नाही. निठारीच्या दोन्ही आरोपींना आधी फाशीची शिक्षा झाली होती. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढत त्यांना बहुतेक प्रकरणांत निर्दोष ठरवले. आपल्या लेकरांना कोणी मारले, हे त्या आईबापांना आजही कोणी सांगू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट सांगितले आहे की, मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि वेगळे काही सिद्ध होईपर्यंत ते पळवले गेले आहे असेच धरून चालायचे. म्हणजे 'आठवडाभर वाट बघा' हे उत्तर कायद्यात नाही. मी बीएड झालेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी. मला हे त्या रात्री शोधताना कळले.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या दाखल्यासोबतचा फोटो घेऊन मी आणि आमचे मुख्याध्यापक चौकीत गेलो. सर शुद्ध मराठीत बोलले, १० मिनिटांत तक्रार लिहून घेतली गेली. भाईजान कोपऱ्यात उभे होते. दोन दिवस ते हेच तर सांगत होते, फक्त मोडक्यातोडक्या मराठीत.

अकराव्या दिवशी मुलगा हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासताना सापडला. आमच्या व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो एका ट्रकवाल्याने ओळखला होता.

आता दर जूनमध्ये मी वर्गातल्या प्रत्येक मुलाचा फोटो काढते. मागे उंची, अंगावरची खूण आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लिहून अम्मीच्या हातात देते. त्या मुलाच्या अम्मीने तो फ्रेम करून भिंतीवर लावला. मी तिला आणखी एक प्रत दिली, म्हटले, "भाभी, ही पर्समध्ये ठेवा."