जुन्या लाकडी खुर्चीचं पॉलिश : घासण्याआधी थोडं थांबा



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून, अडगळीच्या खोलीतून जुन्या वस्तू खाली येतात. आजोबांची आरामखुर्ची, आजीची फडताळासारखी उभी पेटी, शाळेच्या स्टाफरूममधलं जुनं सागवानी टेबल. पॉलिश उडालेलं, हात काळे झालेले, वर कपबशीचे पांढरे गोल. मग कोणीतरी पॉलिश पेपर आणतं आणि सगळे मिळून घासायला बसतात. आजचा लेख त्या पॉलिश पेपरच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

मी स्वतः हा अर्धा तास दिला नव्हता. आमच्या घरी आजोबांचं उतरत्या फळीचं लिहायचं डेस्क होतं. ८० नंबरचा खरखरीत पेपर घेऊन मी एका दुपारी ते पांढरंफटक होईपर्यंत घासलं. जिथे आजोबांचा उजवा हात वर्षानुवर्षं टेकलेला असायचा, ती कड मधासारखी गडद, गुळगुळीत झाली होती. तीही गेली. संध्याकाळी वडील आले, डेस्कवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "अगं, हे बाबांचं वाटतच नाही." मला तेव्हा समजलं की मी मळ काढायला गेले आणि दुसरंच काहीतरी काढून बसले.

झालं असं होतं : सागवानाचा तो जुना रंग वरून लावलेला नसतो. उजेड आणि हवा लागून लाकडाचा वरचा अगदी पातळ थर हळूहळू गडद होत जातो. तो थर घासला की खाली कोवळं, फिकट लाकूड लागतं. बाजारातला रंग लावून तसा जुना रंग आणता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न "कसं घासू?" हा नाही, तर "यावर आधी काय लावलेलं आहे?" हा आहे.

पॉलिश ओळखायचं कसं?

आपल्याकडच्या जुन्या चांगल्या फर्निचरवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं. सुतार त्याला चपडी पॉलिश, स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात. नंतरच्या काळात लॅकर, मेलामाइन, पीयू असे प्रकार आले. ओळख पटवायला खुर्ची उलटी करा. बैठकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट टेकवून ठेवा. बोळा चिकट झाला आणि त्याला तपकिरी रंग लागला, तर ती लाख आहे. काहीच झालं नाही तर तसाच बोळा थिनरचा लावून बघा; पृष्ठभाग मऊ पडला तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर तेलाचं वॉर्निश किंवा मेलामाइन-पीयूसारखं काहीतरी आहे. असा थर वरच्या वर दुरुस्त होत नाही, तिथे अनुभवी पॉलिशवाल्याला बोलवावं.

लाख निघाली तर मात्र आनंद माना. कारण लाखेचा एक गुण फार सोयीचा आहे : वाळल्यावरही ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणजे जुना थर खरवडून काढायची गरज नाही, तोच मऊ करून पुन्हा बसवता येतो. नवा थर जुन्यात मिसळून जातो.

ही लाख येते कुठून, हे मुलांना जरूर सांगा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषून जगतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून जे पातळ पापुद्रे होतात ती चपडी. झारखंड, छत्तीसगडात ती मोठ्या प्रमाणावर होते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही होते. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्थाच सुरू झाली. जुन्या ७८ गतीच्या ग्रामोफोन तबकड्यांतही हीच लाख असायची. आणि महाभारतातलं लाक्षागृह तर मुलांना माहीत असतंच. लाख किती पटकन पेटते हे तिथून आपोआप सुरू होतं.

आधी फक्त स्वच्छता

खुर्चीच्या हातांवरचा काळा थर म्हणजे उडालेलं पॉलिश नव्हे. तो बहुतेक वेळा घाम, केसांचं तेल आणि धूळ यांचा साठलेला मळ असतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने तो हळूहळू पुसा. टर्पेंटाइनने तेल आणि मेण निघतं, लाख विरघळत नाही. नंतर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा आणि लगेच कोरड्याने. धुण्याचा सोडा किंवा कडक साबण चुकूनही नको, कारण क्षारात लाख विरघळते. माझ्या पाहण्यात निम्म्या वस्तू इथेच उजळतात आणि पुढचं काही करावंच लागत नाही. घाई असलेल्यांना हे पटत नाही, पण करून बघा.

पांढरे गोल डाग म्हणजे लाखेच्या थरात अडकलेला ओलावा. जेमतेम ओलसर केलेला स्पिरिटचा बोळा त्यावरून झरझर दोन-तीनदा फिरवला तर बरेचदा ते जातात. काळे डाग मात्र लाकडापर्यंत पोचलेले असतात. ते घरी काढायच्या भानगडीत पडू नका.

लाखेचा नवा हात

स्वच्छ केल्यावरही थर तडकलेला किंवा विरळ दिसला, तर पॉलिश तयार करा. रंगाच्या दुकानात चपडी आणि स्पिरिट मिळतं. १ लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडी पुरते. एका खुर्चीला याच्या चौथा हिस्साही खूप झाला. काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा, अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळपट होते. लागेल तेवढंच करावं, कारण महिनोन्‌महिने ठेवलेलं पॉलिश नीट वाळत नाही, चिकटच राहतं. शंका असेल तर काचेवर थेंब टाकून बघा.

आता बोळा. आत कापूस, बाहेरून जुनी धुवट मलमल, खाली एकही सुरकुती नको. पॉलिश आतल्या कापसाला पाजायचं आणि कागदावर दाबून जास्तीचं काढून टाकायचं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, न थांबता हात न्यायचा. मध्ये थांबलात की बोळा तिथेच चिकटतो आणि खालचा थरही ओढून आणतो. हात अडखळायला लागला तर बोळ्याला तेलाचा एखादा थेंब लावतात. पातळ दोन-तीन हात झाले की दिवसभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरचा, वापरून बोथट झालेला पेपर अगदी हलका फिरवून पुन्हा दोन हात. एकाच जाड हाताने चमक येत नाही, ओघळ मात्र येतात.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणामुळे लाखेवर पांढुरकी साय धरते. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम.

या पॉलिशची एक कमजोरीही सांगायला हवी. गरम भांडं, पाणी आणि स्पिरिट तिला सोसत नाही. करोनाच्या काळात आमच्या स्टाफरूमच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली असायची, तिच्याभोवती पॉलिश गेल्याचा गोल अजून आहे. सॅनिटायझरमधला अल्कोहोल, दुसरं काय! म्हणून जेवणाच्या टेबलाला किंवा वर्गातल्या बाकांना लाख लावू नये.

मुलांबरोबर करताना

सहावी-सातवीच्या मुलांना द्रावक शिकवताना दोन काचेच्या ग्लासांत चपडीचा एकेक तुकडा टाका, एकात पाणी, दुसऱ्यात स्पिरिट. दुसऱ्या दिवशी तेच सांगतील. स्पिरिट मात्र शिक्षकांनीच ओतायचं. ते विषारी असतं आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतही नाही, म्हणून पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही आणि जवळ दिवा, गॅस नको. कोणी जवसाचं तेल वापरत असेल तर ती फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतात, पसरून वाळवा.

आणि जुने ऑइलपेंट लावलेले बाक मुलांकडून कोरडे घासून घेऊ नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि ती धूळ मुलांच्या पोटात जाते.

त्या डेस्कला मी नंतर लाखेचे चार पातळ हात दिले. आता ते खिडकीशी, उजेडात ठेवलं आहे. रंग हळूहळू परत गडद होतोय. उजव्या कडेचा पट्टा मात्र अजून बाकीच्या फळीसारखाच दिसतो. वडील कधी कधी तिथे पेपर वाचत बसतात, हात त्याच कडेवर टेकवून.