क्रम की निवड : मोजणीच्या गणिताची ओळख

एखादी गोष्ट किती प्रकारे घडू शकते, हे सगळे प्रकार एकेक करून न मांडता ठरवणाऱ्या गणिताच्या शाखेला समचयात्मक गणित म्हणतात. तिचा पाया म्हणजे गुणाकाराचा नियम : पहिली निवड जितक्या प्रकारे होते आणि त्यांपैकी प्रत्येक प्रकारानंतर दुसरी निवड जितक्या प्रकारे होते, त्या संख्यांचा गुणाकार केला की एकूण प्रकार मिळतात. अक्षरगणवृत्तांतील गणात तीन अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते, म्हणून २ × २ × २ असे नेमके ८ गण होतात. य, म, त, र, ज, भ, न, स यांखेरीज नववा गण संभवतच नाही.

या नियमापुढचा कळीचा भेद क्रम महत्त्वाचा आहे की नाही हा असून, भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’ या ग्रंथातील दोन उदाहरणांतून तो उत्तम प्रकारे समजतो. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे बदलून बदलून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील, असे पहिल्या उदाहरणात विचारले आहे. पहिल्या हातासाठी १० आयुधे, दुसऱ्यासाठी उरलेली ९, तिसऱ्यासाठी ८ असे करत गेल्यास गुणाकार ३६,२८,८०० येतो. कोणते आयुध कोणत्या हातात, याने येथे फरक पडतो; अशा क्रमबद्ध मांडणीला क्रमचय म्हणतात.

दुसरे उदाहरण गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांपासून होणाऱ्या पदार्थांचे आहे. दोन रस घ्यायचे तर ६ × ५ म्हणजे ३० जोड्या दिसतात खऱ्या, परंतु गोड-आंबट आणि आंबट-गोड ही चव एकच असल्याने प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते आणि खरी संख्या १५ ठरते. अशा क्रमनिरपेक्ष निवडीला समचय म्हणतात. तीन रसांचे १२० क्रम होतात, पण प्रत्येक त्रिकूट ६ वेळा मोजले गेल्याने त्रिकुटे २० च उरतात. एक ते सहा रसांचे प्रकार अनुक्रमे ६, १५, २०, १५, ६ आणि १ असून त्यांची बेरीज ६३ होते.

हेच उत्तर गुणाकाराच्या नियमानेही पडताळता येते. प्रत्येक रस पदार्थात असतो किंवा नसतो, म्हणजे सहा रसांचे मिळून २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ प्रकार होतात; त्यांतून एकही रस नसलेला प्रकार वगळला की ६३ उरतात. म्हणून या विषयाच्या नवशिक्या अभ्यासकाने सूत्रे पाठ करण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : क्रम बदलल्याने प्रकार बदलतो का, आणि एकच प्रकार किती वेळा मोजला गेला आहे? यांची उत्तरे मिळाली की सूत्र आपोआप हाती येते.