सहा महिन्यांचे गाव

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बीड जिल्ह्यातील तालुक्यांत पाऊस इतका बेभरवशाचा आहे की कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून दसरा-दिवाळी उलटली की तेथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि साखर कारखान्यांच्या आसपास सुमारे सहा महिन्यांपुरते एकेक गाव उभे राहते. कारखान्यांचा इतिहास लिहिताना धुराडे आणि संचालक मंडळ यांना मान मिळतो, ऊसतोड कामगारांच्या या तळाला मात्र नाही, आणि ही उणीव लहान नव्हे.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढत गेले तशी तोडणीला माणसांची गरज वाढली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीडची ही वाट अधिकच रुळली.

तळावरील कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर तट्ट्या, पाचट किंवा प्लॅस्टिक टाकलेली, वाकूनच आत शिरावे लागणारी झोपडी. चूल दाराबाहेर, शेजारी बैल आणि त्यांच्यासाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, त्यामुळे गाडी मध्यरात्री आली तरी भरावीच लागते. वाढ्यांनीच आवळलेली मोळी डोक्यावरील चुंबळीवर घेऊन बाई अरुंद फळीवरून ट्रकवर चढते.

तिच्या श्रमाला मात्र स्वतंत्र नाव नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, आणि मुकादमाने हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, त्या जोडीच्या नावावर चढते. दिवस बुडाला की ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात. पाळीचे आणि आजारपणाचे दिवसही खाड्यात मोजणाऱ्या या हिशेबाचे मोल शरीराने चुकवले: २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.

उन्हाळा तापू लागला की गाळप थांबते, कोप्या मोडल्या जातात आणि कामट्या, भांडी, पोरे गाड्यांवर चढतात. उचल फिटली नसेल तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर ओढली जाते.