ओळखीच्या नावाने येणारा विषाणू

'ओळखीचा चोर जिवे न सोडी' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती ज्यांनी रचली त्यांनी संगणकाचे नावही ऐकले नव्हते; परंतु ई-मेलला जोडलेल्या फाइलींतून पसरणाऱ्या विषाणूंचे मर्म याहून थोडक्यात सांगता येईल, असे आम्हांस वाटत नाही. हे विषाणू परक्याच्या नावाने क्वचितच येतात. ते येतात ते आपल्या स्नेह्यासोबत्यांच्या नावाने.

छंद जोपासणाऱ्या मंडळींना याचा अनुभव फार लवकर आला. १९९० नंतरच्या दशकात 'युजनेट' या नावाने चालणारे हजारो चर्चागट होते. कोणी तिकिटे जमविणारे, कोणी बागकामाचे शौकीन, कोणी बुद्धिबळपटू. देशोदेशीची ही माणसे एकमेकांस कधीही न भेटता परस्परांची जिवलग झाली होती. जानेवारी १९९९ मध्ये अशा गटांतून आणि खाजगी पत्रांतून 'हॅपी-९९' नावाची एक फाइल फिरू लागली. ती उघडली की पडद्यावर नववर्षाच्या शुभेच्छा उमटत व आतषबाजी दिसे. माणूस ती शोभा पाहत असतानाच इंटरनेटशी देवाणघेवाण करणाऱ्या विंडोजच्या एका फाइलीत गुपचूप फेरफार होई. त्यानंतर त्याने कोणास पत्र धाडले वा गटात मजकूर लिहिला, की पाठोपाठ त्याच पत्त्यावर दुसरे पत्र जाई. त्यात ती आतषबाजी तेवढी असे. धाडणाऱ्यास त्याचा पत्ताही नसे.

त्याच वर्षी २६ मार्चला 'मेलिसा' अवतरला. तो प्रथम एका चर्चागटात, वर्ड दस्तऐवजाच्या रूपाने, टाकण्यात आला. दस्तऐवज उघडणाऱ्याच्या आउटलुकमधील पत्त्यांच्या वहीतून पहिले ५० पत्ते उचलून तो स्वतःच्या प्रती पाठवी. आणि पत्राच्या विषयात 'अमुक अमुक यांचा महत्त्वाचा निरोप' म्हणून त्या माणसाचेच नाव घाली. त्याचा कर्ता आठवड्याच्या आत अमेरिकेत पकडला गेला आणि २००२ मध्ये त्यास २० महिन्यांची कैद झाली.

पुढे ४ मे २००० रोजी मनिलाहून 'आय लव्ह यू' हे पत्र निघाले. सोबतच्या फाइलीच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि शेवटी 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती. विंडोज शेवटचे शेपूट सहसा लपवीत असे. म्हणून उघडणाऱ्यास ते साधे प्रेमपत्र भासे, आणि प्रत्यक्षात तो असे एक कार्यक्रम. वहीतील एकूण एक पत्त्यांवर तो जाईच, शिवाय संगणकातील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी. वर्षानुवर्षे जमविलेला चित्रसंग्रह असा एका क्षणात गेला, तर छंदिष्टाचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. फिलिपाइन्समध्ये त्या वेळी अशा गुन्ह्याला लागू पडणारा कायदा नसल्याने संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात संगणकात विषाणू सोडण्याचा उल्लेख आहे.

ही जुनी कथा आज सांगण्याचे कारण असे, की चोराने केवळ वेष पालटला आहे. आपली घरे बडोद्यापासून हैदराबादपर्यंत विखुरलेली. मंडळाचा गणेशोत्सव असो की भाचीचे लग्न, निमंत्रण आता व्हॉट्सॲपवरच येते. नेमक्या अशाच लग्नपत्रिकांच्या नावाने अलीकडे 'एपीके' फाइली फिरत आहेत. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारा कार्यक्रम. तो बसविला आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे सांकेतिक क्रमांक तो वाचू शकतो, आणि आपल्याच नावाने पुढच्या आप्तांकडे जाऊ शकतो. तेव्हा फाइल मामांच्या क्रमांकावरून आली तरी ती उघडण्यापूर्वी मामांना फोन करून विचारावे. त्यात अविश्वास नाही, आपुलकीच आहे. छायाचित्रांची एक प्रत निराळ्या जागी ठेवावी. आणि पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

'हॅपी-९९' मध्ये एक विलक्षण गोष्ट होती. आपण कोणाकोणाकडे गेलो, त्या पत्त्यांची यादी तो त्याच संगणकात लिहून ठेवी. ज्यांस ही यादी सापडे, त्यांना तीवरून प्रत्येकास सावधगिरीचे पत्र पाठविता येई. आजच्या फोनमध्ये अशी आयती यादी मिळेलच असे नाही. पण आपल्या गटात कोण कोण आहे, हे आपणांस ठाऊक असते. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि त्याच्या मौनावरच विषाणूचा पुढचा प्रवास चालतो. म्हणून अशा वेळी 'माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका' हा निरोप सर्वांस आधी जावा. आणि तो देणाऱ्यास कोणी हसू नये.