बेसिक इंग्लिश

बेसिक इंग्लिश ही इंग्रजी भाषेची ८५० निवडक शब्दांपुरती मर्यादित केलेली सुलभ आवृत्ती होय. ब्रिटिश भाषाचिंतक चार्ल्स के ऑग्डेन (१८८९–१९५७) यांनी ती १९३० साली प्रसिद्ध केली. परभाषकांना इंग्रजी अल्पावधीत शिकता यावी आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारास एक दुय्यम भाषा मिळावी, हे तिचे उद्देश होते. 'बेसिक' हे नाव ब्रिटिश, अमेरिकन, सायंटिफिक, इंटरनॅशनल व कमर्शियल या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे.

रचना

एकूण ८५० शब्दांपैकी ६०० शब्द वस्तू व कल्पनांची नावे आहेत. त्यांतील २०० चित्राने दाखवता येतात. १५० शब्द गुणदर्शक असून उरलेले १०० शब्द वाक्याची जुळणी करतात. या शंभरांत क्रियापदे केवळ १८ आहेत. त्यांना स्थळ व दिशा दाखवणारे शब्द जोडून इतर क्रियांचा अर्थ सांगितला जातो. उदाहरणार्थ, 'एंटर'ऐवजी 'गो इन', 'ॲसेंड'ऐवजी 'गो अप' आणि 'डिसेंड'ऐवजी 'गो डाउन'. मराठीतही 'प्रवेश करणे' याचा अर्थ 'आत जाणे' असा याच रीतीने उलगडता येतो.

मर्यादा

शब्दांची संख्या घटली, तरी अर्थांची संख्या घटत नाही. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द ठाऊक असूनही 'पुट अप विथ' म्हणजे 'सहन करणे' हे विद्यार्थ्यास तर्काने कळत नाही. 'डोळा' व 'लागणे' हे शब्द जाणणाऱ्या परभाषकास 'डोळा लागणे' म्हणजे झोप येणे, हे जसे वेगळे शिकावे लागते, तसेच हे आहे. शिवाय 'वाँट', 'नो' (जाणणे) आणि 'ईट' ही नित्याची क्रियापदे यादीत नाहीत. त्यामुळे 'खाणे' हा साधा अर्थही 'टेक फूड' असा वळसा घेऊन सांगावा लागतो.

प्रभाव

ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ६ सप्टेंबर १९४३ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात बेसिक इंग्लिशचा पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तिचा प्रसार ओसरला. मोजक्या शब्दांत अर्थ सांगण्याची कल्पना कोशरचनेत अधिक रुजली. बंगालमध्ये इंग्रजी अध्यापनाचे कार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह १९३५ साली काढलेल्या विद्यार्थिकोशात सर्व अर्थ सुमारे १,५०० शब्दांत दिले होते. १९७८ च्या लाँगमन कोशाने त्यासाठी सुमारे २,००० शब्द योजले. २००१ साली सुरू झालेल्या सिंपल इंग्लिश विकिपीडियावरही लेखकांना बेसिक इंग्लिशमधील शब्द वापरण्याची शिफारस केली जाते.